नऊ जागा, दहावा उमेदवार

शाळेच्या नियामक मंडळावर नऊ जागा होत्या आणि दर दोन वर्षांनी त्या नऊ जागांसाठी दहा अर्ज येत. दहावा अर्ज तांडेलांचा असे. तो आला नसता तर निवडणूक बिनविरोध झाली असती, मतपत्रिका छापाव्या लागल्या नसत्या आणि हेडमास्तरांना रविवारचा दिवस पेटीजवळ बसून काढावा लागला नसता. साठ ते सत्तर या काळात अशा पाच निवडणुका झाल्या. पाचही निवडणुकांच्या बातम्या मी पालघरच्या एका साप्ताहिकाला पाठवल्या. पहिल्या चार बातम्या जवळजवळ सारख्याच होत्या. जुने मंडळ पुन्हा निवडून आले, एक उमेदवार पराभूत.

तांडेल हे त्यांचे नाव नव्हे. होडीचा जो प्रमुख असतो त्याला तांडेल म्हणतात. दांडी गावाच्या बाजूला खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात असे पंधरा-वीस तांडेल होते, पण खाडीअलीकडे, शाळेच्या ओट्यावर, कोणी नुसते ‘तांडेल आले’ म्हणाले की ते कोण हे सांगावे लागत नसे. ते स्वतः शाळेत चौथीपर्यंतच गेलेले. सही करायचे, पण ती काढायला त्यांना वेळ लागे, आणि सही पुरी होईपर्यंत कोणी बोललेले त्यांना खपत नसे.

अर्ज भरायच्या दिवशी ते काळा कोट घालून येत. खाली कमरेला कोळ्यांचा नेहमीचा रुमाल, पाय अनवाणी आणि वर गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट. तो कोट शाळेखेरीज दुसऱ्या कुठल्याही कामासाठी बाहेर निघत नसे, लग्नालासुद्धा नाही. मी एकदा कारण विचारले.

“लग्नात मला सगले ओलखतात,” ते म्हणाले. “हितं नाय ओलखत.”

घड्याळ त्यांना कळत होते, पण पटत नव्हते. सभा चार वाजता आहे असे सांगितले की ते बोटांच्या पेरांवर काही मोजत आणि “म्हंजे ओहटीला” असे म्हणून मान हलवत. ओहोटीच्या सभेला ते चिखल तुडवत येत, भरतीच्या सभेला तरीतून, म्हणजे खाडीवर ये-जा करणाऱ्या होडीतून. उशीर झाला तर दोष पाण्याचा नसे, सभा ठरवणाऱ्याचा असे.

मंडळाचे अध्यक्ष एक शेठ होते. धान्याचे व्यापारी, सज्जन, शाळेच्या दोन खोल्या त्यांनीच बांधून दिलेल्या. दर निवडणुकीआधी ते तांडेलांना ओट्यावर बसवून घेत. त्यांचे तिसऱ्या निवडणुकीच्या वेळचे संभाषण मी तिथेच बसून ऐकले.

“तांडेल, अर्ज मागे घ्या. पुढच्या खेपेला तुम्हाला बिनविरोध घेतो.”

“मागल्या खेपंला पन तुमी हेच बोललं.”

“आता खरं सांगतो.”

“म्हंजे मागल्या खेपंला खोटं होतं.”

शेठ हसले. तांडेल हसले नाहीत. त्यांनी अर्ज मागे घेतला नाही.

निकाल लागला की मात्र ते एक रीत कटाक्षाने पाळत. कमरेच्या पिशवीतून सुक्या बोंबलांची जुडी काढून अध्यक्षांच्या हातावर ठेवत आणि नमस्कार करून निघत. शेठ पक्के शाकाहारी. त्यांच्या घरात लसूण शिरत नसे. पण जुडी नाकारणे त्यांना बरे वाटत नसे, म्हणून ते ती दोन बोटांत धरून, हात अंगापासून लांब ठेवून, शिपाई येईपर्यंत उभे राहत. शाळेचा शिपाई निवडणुकीची वाट पाहत असे ती यासाठी.

हे सगळे गावात गमतीने सांगितले जाई. बोईसर स्टेशनजवळ अणुवीज केंद्राच्या कामासाठी उत्तरेकडचे मजूर येऊन राहिले होते. तेही तांडेलांना ‘नेताजी’ म्हणू लागले. परंतु तांडेलांची मागणी काय होती हे विचारले तर निम्म्या लोकांना नीट सांगता येत नसे. ती एका वाक्याची होती. परीक्षा भांगात घ्या.

याचा अर्थ खाडीपलीकडे पोरासोरांनाही ठाऊक होता. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे समुद्राला उधाण असते, पाण्याला ओढ असते. बोंबलाची जाळी त्या ओढीवरच चालतात. त्या दिवसांत होड्या बाहेर जातात आणि दुपारी, भरती पुरी होता होता, भरून किनाऱ्याला लागतात. ओला बोंबील संध्याकाळपर्यंत वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरांवर, टांगला गेला नाही तर फुकट जातो. त्यामुळे त्या दुपारी घरातली प्रत्येक बाई आणि मुलगी वलांडीजवळ लागते. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावते. त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या घरी असतात, पुरुष जाळी दुरुस्त करतात आणि मुली मोकळ्या असतात.

कोळीवाड्यातली शाळा सातवीपर्यंत होती. मुलगे त्याआधीच होडीवर गेलेले असत. ज्या थोड्या मुली आठवीला खाडी ओलांडून येत, त्या वर्षभर मागेपुढे करत निभावून नेत. पण वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, सकाळी अकरा ते दोन, लागोपाठ सहा दिवस असे, आणि त्या सहा दिवसांत उधाण आले की मुली गैरहजर राहत. गैरहजर मुलीला नववीत घेत नसत. दुसऱ्यांदा आठवीत बसवायला घरचे तयार नसत. नवव्या इयत्तेत कोळीवाड्यातली मुलगी मी त्या वर्षांत पाहिली नाही.

सर्वसाधारण सभेत हा विषय मांडायला अध्यक्षांची परवानगी लागे आणि ती मिळत नसे. मंडळाचा सदस्य मात्र कोणताही विषय मांडू शकत होता. म्हणून तांडेल दर दोन वर्षांनी कोट घालत होते.

त्यांच्या हरण्याचे कारणही पाणीच होते. मतदान रविवारी दुपारपर्यंत होई आणि रविवार उधाणात आला की त्यांचे मतदार समुद्रात असत. पहिल्या निवडणुकीला तर ते स्वतःच समुद्रात होते. त्यांना मिळालेली मते बहुतेक शिक्षकांची होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेस ते एकटे किनाऱ्यावर राहिले, मतदार गेले.

“आमी पान्यात, पेटी जमिनीवर,” ते म्हणाले. “मतं काय पोहत येतील?”

चौथ्या निवडणुकीआधी त्यांनी लेखी अर्ज दिला, मतदान अष्टमीला ठेवावे. हेडमास्तर हे मंडळाचे चिटणीसही होते. काटेकोर माणूस, नियमाबाहेर जात नसत आणि नियमात बसणारी गोष्ट अडवतही नसत. त्यांनी पंचांग काढून पाहिले. माघ वद्य अष्टमी रविवारी येत होती. शेठनी हरकत घेतली नाही. तांडेलांनी तिथल्या तिथे, नेहमीच्या सावकाशीने, मान्यतेची सही केली.

ते घरी पोचले तेव्हा त्यांची भावजय अंगणात तांदूळ निवडत होती. पुढचे मला तिनेच सांगितले.

“मला बोलले, मतदान अष्टमीला घेतलं, वद्य अष्टमीला. मी बोलले, दादा, त्या दिवशी आपल्या पोराचं लगीन हाय. तर खालीच बसले.”

लग्न तिच्या मुलाचे, म्हणजे तांडेलांच्या सख्ख्या पुतण्याचे. मुलगी सातपाटीची. तिथी तांडेलांनीच चार महिन्यांपूर्वी ठरवलेली, आणि ज्या कारणासाठी त्यांनी मतदान अष्टमीला मागितले त्याच कारणासाठी. होड्या घरी असतील, सगळ्यांना येता येईल. कोळीवाड्यातली लग्ने भांगातच होतात. हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? पाण्याचा हिशेब त्यांचा कधी चुकला नाही. पण घरी असलेला माणूस नुसता बसून राहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

तारीख बदलून मागायला ते गेले नाहीत. “मीच मागितली,” म्हणाले. मतदानाच्या दिवशी आख्खा कोळीवाडा वऱ्हाड होऊन सकाळीच सातपाटीला गेला. तांडेल कोट घालून शाळेत आले, आपले मत टाकले आणि पेटीसमोर दुपारपर्यंत उभे राहिले. नंतर सायकलवाल्याच्या मागे बसून सातपाटीला गेले. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती चालू होत्या. मुलीकडच्या बायकांना सगळे कळले होते.

“आले, आले, मेंबर आले!”

“तांडेल, आहेरात मतं आनली काय?”

“व्याही, आमच्या पोरीचं मत घ्या, आता ती तुमच्यातली झाली.”

त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि जेवले. मी ही बातमी पाठवली तेव्हा लग्नाचा उल्लेख केला नाही. तो नियमाने बातमीत बसत नव्हता, आणि आज वाटते, बसत होता.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आम्ही एकदा एकाच तरीत होतो. दुसरे कोणी नव्हते. मी त्यांना विचारले की चार वेळा हरल्यावर पुन्हा उभे राहणार का.

“माजी पोर सातवीला होती. फायनलच्या परीक्षेला पालघरला जायचं होतं. मास्तर बोललेले, पास झाली तर मास्तरीन होईल. त्या दिवशी होडी अशी भरून आली, अशी भरून आली. मी बोललो, आज ऱ्हाऊ दे.”

तरवाल्याने बांबू टेकवला. पाणी वाजले.

“मीच बोललो. दुसरं कोन नाय बोललं. बोंबील सुकले, इकले गेले. कुनी खाल्ले ते पन म्हाईत नाय.”

मुलगी पुढे अर्नाळ्याला दिली होती. तिची थोरली मुलगी हिरू शिक्षणासाठी आजोबांकडे राहत होती आणि तेव्हा नुकतीच सातवीत गेली होती. पाचव्या निवडणुकीच्या वर्षी ती आठवीत असणार होती. हे त्यांनी सांगितले नाही. नंतर हिशेब करून मला कळले.

एकट्या हिरूला तांडेलांनी परीक्षेपुरते वलांडीवरून सोडले असते तर कोणी काही म्हटले नसते. भावजयीने तसे सुचवलेही. त्यांनी नकार दिला. तिच्या वर्गात कोळीवाड्यातल्या आणखी सात मुली होत्या. तांडेलाची नात परीक्षेला गेली आणि आपल्या गेल्या नाहीत, हे त्या सात घरांत वर्षभर बोलले गेले असते आणि पुढच्या वर्षी आठवीला कोणी मुलगी पाठवली नसती. त्यांचे म्हणणे असे होते.

पाचव्या निवडणुकीसाठी त्यांनी तारीख मागितली नाही. शाळेच्या घटनेत मत देणारा सभासद ‘सज्ञान व्यक्ती’ असावा एवढेच होते. पुरुष असावा असे नव्हते. ते कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण कोणी तसे पाहिले नव्हते. दोन वर्षे तांडेल घरोघर फिरले आणि चाळीसच्या वर बायकांना सभासद करून घेतले. बायका समुद्रात जात नाहीत.

मतदान पौर्णिमेच्या रविवारी आले. होड्या दुपारी बाराच्या सुमाराला लागणार होत्या, तेव्हा बायकांना अकरापर्यंत वलांडीवर परतायला हवे होते. तरीची होडी भरती निम्मी झाल्याशिवाय चालत नसे. म्हणून त्या पहाट सरता सरता, ओहोटीच्या चिखलातून, गुडघ्यापर्यंत लुगडी खोचून खाडी पार करून आल्या. आठ वाजता शाळा उघडली तेव्हा त्या विहिरीवर पाय धुऊन ओट्यावर बसल्या होत्या. शेठ आले, त्यांनी रांग पाहिली आणि आत गेले.

पहिल्याच बाईला अडचण आली. यादीत बायकांची नावे नवऱ्याच्या नावासकट होती. हेडमास्तर चष्मा लावून बसले होते.

“पूर्ण नाव सांगा.”

तिने स्वतःचे नाव सांगितले.

“पुढे?”

“पुढे काय?”

“नवऱ्याचं नाव.”

मागची रांग हसू लागली. ती बाई लाल झाली आणि भिंतीकडे पाहू लागली. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही रीत होती. लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच. हेडमास्तरांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा भिंतीकडे पाहिले. पाच मिनिटे गेली. तांडेल दाराबाहेर उभे होते. उमेदवाराला आत यायची बंदी होती. ते खाडीच्या दिशेने पाहत होते. पाणी चढू लागले होते.

तेवढ्यात रांगेतली दुसरी बाई म्हणाली, “हिच्या घोवाचं नाव मी सांगते, लिवा.”

“असं चालणार नाही,” शेठ म्हणाले. “नियमात बसत नाही.”

हेडमास्तरांनी चष्मा काढला. नियमांची पुस्तिका उघडून वाचली, बंद केली.

“नाव सांगितलं पाहिजे, एवढंच आहे,” ते म्हणाले. “कोणी सांगायचं ते दिलेलं नाही.” आणि पुस्तिका बाजूला सारत, “आमच्या घरीही माझं नाव मलाच सांगावं लागतं.”

मग रांग चालली. दुसरीने पहिलीच्या नवऱ्याचे नाव सांगितले, तिसरीने दुसरीच्या. काहींनी नावाबरोबर नवऱ्याचे दोन-चार अवगुणही सांगितले, ते हेडमास्तरांनी लिहून घेतले नाहीत. सव्वादहाला तरीची होडी सुरू झाली. बायका मत टाकून धावत काठाकडे जाऊ लागल्या. सर्वांत शेवटी तांडेलांची भावजय राहिली. तिने सगळ्यांना पुढे घातले होते आणि आता तिच्या मागे कोणी नव्हते. तांडेल तिचे सख्खे दीर, पण ते दाराबाहेर.

“बाई, नाव?”

तिने स्वतःचे नाव सांगितले आणि मागे वळून पाहिले. खालून तरवाल्याची हाक आली. हेडमास्तरांनी घड्याळाकडे पाहिले. शेठ खुर्चीत दोनदा हलले आणि एकदम ओरडले, “अहो, हिचा नवरा माझ्याकडून वीस वर्षं तांदूळ नेतो! नाव मी सांगतो, घ्या लिहून!”

आणि त्यांनी सांगितले.

संध्याकाळी मोजणी झाली. तांडेल नववे आले. बोईसरच्या एका वखारवाल्याची जागा गेली. यंदा हरलेले तांडेल नव्हते, म्हणून जुडी मिळणार नाही असे शिपायाला वाटले होते. पण तांडेलांनी ती शेठच्या हातावर ठेवलीच.

“आता कशाला?” शेठ म्हणाले.

“नाव तुमी सांगितलंत.”

मंडळाच्या पहिल्या बैठकीत शेवटचा विषय त्यांचा होता. ते उभे राहिले, एक वाक्य बोलले आणि बसले. शेठनी विचारले की असे एकासाठी केले तर उद्या बेटेगावचे लोकही भातलावणीची सबब सांगतील, मग काय करायचे. हेडमास्तर म्हणाले, लावणी आषाढात असते, परीक्षा एप्रिलमध्ये. त्यांनी पंचांग आणले होते. परीक्षा पाच दिवस पुढे नेली की पुरी भांगात येत होती, आणि त्याला दुसरी कोणतीही अडचण नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात त्याला अडीच ओळी लागल्या.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. होड्या काठावर ओढून ठेवल्या होत्या. आठही मुली सहाही दिवस आल्या.

निकालाच्या दिवशी मी शाळेत होतो. पाच मुली पास झाल्या होत्या, तीन नापास. तिघींत हिरू होती. इतर विषयांत ती बरी होती. गणितात तिला सत्तावीस मार्क होते आणि पस्तीस हवे होते. ती कागद हातात घेऊन ओट्याच्या खांबाशी उभी राहिली. तांडेल समोरून येत होते, भरउन्हात, काळा कोट घालून.

हेडमास्तर बाहेर आले. “तांडेल, दुर्दैव आहे. थोडक्यात गेलं.”

तांडेलांनी कागद घेतला. विषयांची नावे आणि मार्क बोट ठेवून एकेक वाचले. सगळे वाचून होईपर्यंत कोणी बोलले नाही.

“गनिताचे किती कमी?”

“आठ,” हिरू म्हणाली आणि रडू लागली. “आजोबा, तुमी एवढं केलंत, आनि मी नापास झाली.”

“रडते कशाला? तुजी आई नापास पन नाय झाली.” त्यांनी कागदाची घडी घालून तिच्या हातात परत दिली. “पुढल्या वर्साला परत बस. तारीक मी आनली. आट मार्क तू आन.”